वाळीत टाकण्याचा हक्क

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातली काही प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेली होती. व्याख्यान संपल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि शहरभर गहजब झाला. यादीत महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे धाव घेतली, ग्रामण्याची, म्हणजे जातिबहिष्काराची, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांना स्वतःला प्रायश्चित्ताची गरज वाटत नव्हती. मित्रांच्या घरात झालेली कोंडी मात्र त्यांना पाहवेना, म्हणून पुढे त्यांनीही ते घेतले. १८९३ साली हेच रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. इतरांच्या हक्कांचा निवाडा करण्याची योग्यता सरकारने ज्यांच्या ठायी पाहिली, त्यांना एका कपाचा निवाडा आपल्या मनाप्रमाणे करता आला नव्हता.

त्याच शहरात, चहाच्या या वादानंतर काही आठवड्यांनी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले. १८८८ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. तरी डाव्या हाताने लिहीत त्यांनी शेवटचे पुस्तक पुरे केले. ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. आदर्श समाज कसा असावा याचे त्यात केलेले चिंतन आजच्या वाचकालाही थक्क करते, कारण फुले त्या समाजाचा आराखडा राजवाड्यापासून किंवा कायदेमंडळापासून सुरू करत नाहीत. ते एका घरात शिरतात.

त्या घरातली बाई बौद्ध धर्माचे ग्रंथ वाचते आणि पटले तर बौद्ध होते. तिचा नवरा बायबलचा जुना आणि नवा करार वाचून ख्रिस्ती होतो. मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सार्वजनिक सत्य धर्म स्वीकारतो. एवढे होऊनही घर मोडत नाही. कुणी कुणाचा द्वेष करायचा नाही, सगळ्यांनी एकाच निर्मिकाची लेकरे म्हणून गोडीगुलाबीने एकत्र नांदायचे, असे फुले सांगतात. यात आणखी एक गोष्ट आहे, ती सहज नजरेतून सुटते. धर्म निवडणाऱ्यांत बाईचा उल्लेख आधी येतो. नवऱ्याचा धर्म तो बायकोचा, हा नियम त्यांनी पहिल्याच पायरीवर काढून टाकला. मुलांनाही बापाच्या धर्माचे वारस मानले नाही.

या चौघांत वेद-स्मृती प्रमाण मानणारे कुणी नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. ही विस्मृती नसावी. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारी श्रद्धा बरोबरीच्या नात्याने एका ताटाभोवती बसू शकत नाही, हे त्यांचे ठाम मत त्यांच्या सगळ्या लिखाणात दिसते. त्यांच्या स्वातंत्र्याला एक कुंपण होते आणि ते समतेचे होते. कुणाला ही भूमिका एकांगी वाटेल. पण श्रद्धेच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला हीन लेखण्याचे स्वातंत्र्य बसते का, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. नंतरच्या अनेकांनी तो टाळला.

फुल्यांना हे घर दिसले, कारण घर तुटण्याचा अनुभव त्यांना होता. मुलींना आणि अस्पृश्यांना शिकवण्याच्या पायी ते आणि सावित्रीबाई वडिलांच्या घरातून बाहेर पडले होते. वडील गोविंदराव दुष्ट नव्हते. भोवतालच्या लोकांचा दाब त्यांना सोसला नाही, इतकेच. श्रद्धेचे स्वातंत्र्य बहुतेक वेळा असेच मारले जाते. सोटा घेऊन कुणी येत नाही. ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती बापाच्या तोंडून बोलते आणि मुलाला उंबरा ओलांडावा लागतो. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यांच्या धर्मग्रंथातला समाज असा आधी त्यांच्या अंगणात उतरला होता.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात आदर्श समाज उभारू पाहणारे इतरही होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे मार्गदर्शक. एक ईश्वर, जातिभेद नाही, मूर्तिपूजा नाही असे तिचे विचार होते. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. मात्र सगळे चालायचे बंद दाराआड. जाहीरपणे जात मोडण्याआधी पुरेसे सभासद जमू द्यावेत, असे मंडळींचे धोरण होते. १८६० मध्ये सभेची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची नावे फुटणार अशी भीती पसरली आणि सभा बसली. त्यांची तत्त्वे कुणी खोडून काढली नव्हती. नुसत्या नावांच्या यादीने ती संपली. पुढे १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला. तरी पंचहौदच्या यादीने १८९० मध्ये घडवले तेही परमहंस सभेच्या यादीसारखेच होते.

कंपनी सरकारने १८५० साली एक कायदा केला होता. धर्म बदलला किंवा जातीबाहेर घातले गेले, म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही, असे त्याने सांगितले. जमिनीचा वाटा वाचला. पण पंगतीतले पान, मुलांच्या सोयरिकी, मर्तिकाला येणारे चार खांदे यांना कायद्याने हात लावला नाही. माणूस जगतो आणि मोडतो तो इथेच.

पंडिता रमाबाईंची गोष्ट या सगळ्यात सर्वांत अवघड आहे, आणि म्हणून तिच्यापाशी थोडे थांबायला हवे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. पुण्यातल्या ज्या मंडळींनी संस्कृत पंडिता म्हणून त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांनीच आता पाठ फिरवली. फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’चे अंक काढून त्यांची बाजू घेतली. इकडे इंग्लंडमध्येही रमाबाई कुणाच्या मुठीत राहिल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, त्यात त्या चर्चच्या शिकवणुकीतल्या कित्येक बाबींवर शंका घेतात, अधिकारवाणी झुगारतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली बाई दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, हा त्या पत्रांचा आशय आहे. धर्म बदलणारी व्यक्ती नव्या धर्मातही स्वतःच्या विवेकबुद्धीचा हक्क सोडत नाही, याचे इतके लखलखीत उदाहरण मराठी समाजात क्वचितच सापडेल.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदासदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. उच्चवर्णीय बालविधवांना शिक्षण आणि आसरा, हा उद्देश. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ करायची नाही, हे वचन. सल्लागारांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने धर्मांतराचा आरोप लावून धरला. १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

उघड्या दाराच्या त्या वादात बरोबर कोण? रमाबाईंचे म्हणणे होते की प्रार्थना लपवण्याचे कारण नाही आणि येणाऱ्याला हाकलण्याचेही नाही. स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाचे नाव घेण्याचा हक्क तर कुणालाही नाकारता येत नाही. दुसरीकडे, जिला जगात दुसरा निवारा नाही, जी आपल्या हातचे दोन घास खाऊन जगते, अशा बारा-चौदा वर्षांच्या मुलीची निवड किती स्वतंत्र मानायची? आश्रय देणाऱ्याचा धर्म तिला थोर वाटणारच. रमाबाईंच्या हेतूबद्दल शंका नको. शेकडो मुलींना त्यांनी दुष्काळातून आणि विटंबनेतून बाहेर काढले, केडगावला मुक्ती मिशन उभारून त्यांना वाचणे-लिहिणे आणि हातचे काम शिकवले. ज्या समाजाने या मुलींना विद्रूप करून कोपऱ्यात बसवले होते, त्याने धर्म बुडाल्याची हाकाटी करण्यात मोठे धैर्य नव्हते. तरीही केडगावचे जग एका श्रद्धेभोवती बांधलेले होते. सिस्टर जेराल्डिनला जसे रमाबाईंनी सुनावले, तसे केडगावातल्या एखाद्या मुलीने रमाबाईंना सुनावले असते, तर तिच्यासाठी त्या कुंपणाबाहेर काय होते? बाहेरच्या समाजाने दार लावूनच घेतले होते. त्यामुळे या प्रश्नाचा मोठा दोष केडगावकडे जात नाही. तो पुण्या-मुंबईच्या वाड्यांकडे जातो.

आदर्श समाजाची कसोटी इथे लागते. समता, बंधुता, भक्ती, सेवा यांपैकी कोणत्या पायावर तो उभा आहे, हे दुय्यम. त्यातल्या एकाला पटेनासे झाले आणि तो ‘मला हे मान्य नाही’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याला पाणी कुठे मिळते, हे पाहावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धागा १९३६ मध्ये पकडला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने रद्द केलेले भाषण त्यांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ म्हणून स्वतः छापले. आदर्श समाजाचे आपले चित्र त्यात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या शब्दांत मांडले आहे. त्याच भाषणात, तुलनेने कमी उद्धृत होणाऱ्या एका भागात, त्यांनी बहिष्काराचा विचार केला. जातीबाहेर काढले जाणे आणि मरण यांत निवडण्यासारखे फारसे काही नाही, असे ते म्हणतात. एखाद्या सुधारकाचे जगणे नरक करण्यासाठी सगळी जात एकत्र येते. कट करणे जर गुन्हा असेल तर हे कृत्य कायद्याने गुन्हा का ठरू नये, असे त्यांनी विचारले. वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. हिंदू म्हणून मरणार नाही, या येवल्याच्या घोषणेपासून मधली एकवीस वर्षे ते वाचत, तपासत, तोलत राहिले. फुल्यांच्या घरातल्या बाईने जे करावे असे म्हटले होते, ते त्यांनी केले: आधी ग्रंथ वाचायचा, मग ठरवायचे.

आंबेडकरांच्या प्रश्नाला मुंबई राज्याने १९४९ मध्ये उत्तर दिले. कोणत्याही समाजाने आपल्या सभासदाला बहिष्कृत करणे त्या वर्षीच्या कायद्याने बेकायदा ठरवले. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि ९ जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द केला. धार्मिक कारणावरून सभासदाला बाहेर काढणे हा पंथाने आपला धार्मिक कारभार पाहण्याचा भाग आहे आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ ने त्याला संरक्षण दिले आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. विरोधी मत होते खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे. बहिष्कृत माणसाला मशीद बंद होते, दफनभूमी बंद होते, तो आपल्याच लोकांत अस्पृश्य होतो, आणि हा कायदा त्याची माणूस म्हणून प्रतिष्ठा राखण्यासाठी आहे, असे त्यांनी नोंदवले.

बहुमताचा युक्तिवाद पोकळ नाही. एखाद्या पंथाला आपली शिस्त राखता आली नाही, आपला सभासद कोण हे सरकार ठरवू लागले, तर धर्मस्वातंत्र्याचा अर्थच जातो. अल्पसंख्य समाजांना ही भीती अधिक वाटते आणि ती अनाठायी नाही. पण सभासदत्व काढून घेणे आणि माणसाचे जगणे बंद करणे यांत फरक आहे. पंथाने खुशाल म्हणावे की हा आता आमच्या श्रद्धेचा नाही. त्याच्या दुकानात जाऊ नका, त्याच्या बहिणीने त्याच्याशी बोलू नये, त्याच्या प्रेताला जागा देऊ नका, हे सांगण्याचा अधिकार कोणत्या श्रद्धेतून येतो? १९६२ च्या निकालाने या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या, आणि ते गाठोडे साठहून अधिक वर्षे सुटलेले नाही. मुंबईत असगर अली इंजिनियर यांच्यासारख्या बोहरा सुधारकाने उभी हयात या प्रश्नावर घालवली, २०१३ मध्ये ते वारले. सुधारकांनी १९८६ साली केलेली याचिका फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवली.

महाराष्ट्राने दरम्यान पुन्हा पाऊल उचलले. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम छेडली, गावकीच्या नावाखाली रायगड जिल्ह्यात आणि इतरत्र वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या कहाण्या चव्हाट्यावर आल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, पण मोहीम थांबली नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एकमुखाने मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, याचा अभिमान जरूर असावा. कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी कौमार्य चाचणीविरुद्ध उघड आवाज उठवला, तो याच सुमारास. आपल्याच पंचांसमोर उभे राहणारी ही मुले-मुली फुल्यांच्या त्या घराचे खरे वारस आहेत.

फुल्यांचे ते कुटुंब आजच्या कायद्यापुढे उभे केले तर काय दिसते? बाई बौद्ध झाली, तर अडचण नाही, कारण हिंदू विवाह कायद्याच्या व्याख्येत बौद्धही येतात. नवरा ख्रिस्ती झाला की १९५५ च्या कायद्याने केवळ तेवढ्या कारणावरून घटस्फोट मागता येतो. १९५६ च्या पालकत्व कायद्याप्रमाणे हिंदू न राहिलेला बाप आपल्या अज्ञान मुलांचा नैसर्गिक पालक राहत नाही, आणि आईने हिंदू धर्म सोडला तर तिलाही तेच लागू. पोटगीच्या कायद्यात धर्मांतरित व्यक्तीचा दावा जातो. वारसा कायद्याच्या कलम २६ नुसार, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही, वारसा खुला होईपर्यंत ती स्वतः हिंदू झाली नसतील तर. १८५० च्या कायद्याने बापाचा वाटा वाचवला, १९५६ च्या कायद्याने त्याच्या पोरांचा घालवला. श्रद्धा बदलली म्हणून आई-बापपण, पोटगी आणि वारसा हिरावणाऱ्या या तरतुदी रद्द व्हायला हव्यात. कोणत्याही धर्माच्या व्यक्तिगत कायद्यात अशी शिक्षा दडलेली असेल, तर तिलाही हाच न्याय लावावा.

राज्य सरकारला दिल्लीची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे. १९६२ च्या निकालाचा फेरविचार होईल तेव्हा बहिष्कृताच्या बाजूने ठामपणे उभे राहावे, कारण त्या निकालाने रद्द केलेला १९४९ चा कायदा याच भूमीचा होता. २०१६ च्या कायद्याखाली किती तक्रारी आल्या, किती गुन्हे नोंदले गेले, किती खटले निकाली निघाले, याचा आकडा दरवर्षी विधिमंडळात मांडावा. ‘गावातला मामला गावात मिटवा’ असे सांगून तक्रारदाराला परत पाठवण्याची मुभा पोलीस ठाण्याला असू नये.

आणि तक्रारदाराच्या पोटाचे काय, हे कायद्याच्या जोडीने पाहावे लागेल. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी शारदासदनातली विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. गावची वाट त्यांच्यासाठी अवघड झाली. पण फर्ग्युसन कॉलेजातली प्राध्यापकी शाबूत होती आणि पुण्यात पाठीशी उभे राहणारे मित्र होते, म्हणून कर्वे टिकले आणि पुढे एवढे काम करू शकले. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या वाडीत आज ज्याच्यावर बहिष्कार पडतो, त्याच्याकडे बहुधा ना पगाराची नोकरी असते ना शहरातले मित्र. त्याची मजुरी गावातल्याच शेतावर, किराणा गावातल्याच दुकानात, पाणी गावाच्याच नळावर. गुन्हा नोंदवला त्याच दिवशी तहसीलदाराने त्याच्या घरचे रेशन, पाणी आणि रोजगार हमीचे काम चालू आहे का हे जाऊन पाहावे, मुले शाळेत एकटी बसवली जात नाहीत ना याची खात्री करावी, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत दर महिन्याला हे पाहत राहावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक शासन निर्णय पुरे आहे.